सगळीच मोठी बातमी

छापील वर्तमानपत्रात प्रत्येक बातमीला आपली जागा ठाऊक असे. युद्ध पहिल्या पानावर आठ रकाने आडवं पसरायचं. त्याच्या खाली मंत्रिमंडळ, आतल्या पानावर महापालिका, तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात पाणीकपात. आणि 'मी माझे नाव बदलले आहे' ही जाहीर सूचना इतक्या बारीक टायपात, की नाव बदललेल्या माणसालाही स्वतःचं नवं नाव भिंगाशिवाय सापडू नये. कशासाठी चहा थंड होऊ द्यायचा आणि कशावरून नुसती नजर फिरवायची, हे वाचकाला कुणी न सांगता कळायचं.

फोनचा पडदा मात्र जेमतेम एका रकान्याइतका रुंद. त्यावर आठ रकान्यांचं युद्ध बसवायचं कसं? बातम्यांच्या ॲपनं सोपा मार्ग काढला आणि सगळ्या बातम्या एकाच मापाच्या करून टाकल्या. सकाळी सातच्या सुमारास एखाद्या मराठी फोनवर एकाखाली एक उतरणाऱ्या सूचना पाहाव्यात. 'पश्चिम आशियात पुन्हा क्षेपणास्त्रहल्ले.' 'रिकाम्या पोटी भिजवलेले मनुके खाताय? आधी हे वाचा.' 'शहराच्या या भागात उद्या पाणी नाही.' तिन्हींचा टाइप एक, फोटोची चौकट एक, 'टिंग'ही एकच. वाचक अर्थातच मनुक्यांवर बोट ठेवतो. युद्ध काय, चालूच असतं. मनुके त्यानं आत्ताच खाल्लेले असतात.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं, तेव्हा त्यात शेजारी-शेजारी दोन रकाने असत. एक मराठी, एक इंग्रजी. सुरुवातीला ते पाक्षिक होतं, काही महिन्यांतच साप्ताहिक झालं. पंधरा दिवसांतून एकदा बातमी, तीही दोन भाषांत. पहिल्या भाषेत कळली नाही तर दुसरीत पाहावी, दोन्हींत कळली नाही तर पुढच्या अंकापर्यंत विचार करावा, इतकी सवड होती. आता पंधरा मिनिटं बातमी आली नाही तर वाचक नेट चालू आहे का ते तपासतो. रकाना एकच उरलाय आणि त्याच्याही निम्म्या उंचीत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात बसलेली असते. ती बंद करायची फुली नेमकी अशा ठिकाणी, की अंगठा फुलीवर न पडता तेलावरच पडावा.

'टिंग'ची ही प्रथा तशी अलीकडची. ॲपलनं २००९ साली आयफोनवर पुश नोटिफिकेशनची सोय दिली, पाठोपाठ ती अँड्रॉइडवरही आली. त्याआधी बातमी वाचक उठेपर्यंत दारात निमूट पडून राहायची. आता ती थेट खिशात शिरून थरथरते. ज्याच्या फोनमध्ये चार वर्तमानपत्रांची चार ॲप आहेत, त्याला एकाच मंत्र्याचा राजीनामा चारदा मिळतो. चौथा वाचून होईतो पहिल्या ॲपवर त्याच राजीनाम्याचा इन्कार आलेला असतो.

सर्वांत आधी सांगण्याच्या या चढाओढीत जगभर झालेल्या फजित्या मात्र वाचनीय आहेत. जपानच्या 'एनएचके' या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ॲपवर १६ जानेवारी २०१८ रोजी संध्याकाळी सूचना आली, की उत्तर कोरियानं क्षेपणास्त्र सोडलेलं दिसतं, आडोसा घ्या. पाच मिनिटांत 'चुकून गेलं' असा खुलासाही आला. त्याच्या तीनच दिवस आधी हवाई बेटांवर सरकारच्या आणीबाणी यंत्रणेनं असाच संदेश लोकांच्या फोनवर धाडला होता आणि तो खोटा असल्याचं सगळ्यांना फोनवरच कळवायला तिला ३८ मिनिटं लागली होती. त्या मानानं जपान फारच तत्पर.

'लॉस एंजेलिस टाइम्स'ची गोष्ट याहून सरस. या दैनिकाकडे 'क्वेकबॉट' नावाचा प्रोग्रॅम आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याची सूचना आली, की तो माणसाची वाट न पाहता भूकंपाची बातमी स्वतः लिहितो. २१ जून २०१७ रोजी त्यानं कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा धक्का बसल्याची बातमी झटपट दिली. भूकंप अगदी खरा होता. फक्त तो १९२५ साली झालेला होता. जुन्या नोंदी दुरुस्त करताना खात्याकडून सूचना चुकून सुटली होती आणि तिच्यावर तारीख पडली होती २०२५ सालची. ९२ वर्षं शिळी बातमी वाचकांना आठ वर्षं आधी देण्याचा हा विक्रम अजून कुणी मोडल्याचं दिसत नाही.

मग २०२४च्या अखेरीस ॲपलला वाटलं, की एवढ्या सूचना वाचायला लोकांना वेळ कुठे आहे. म्हणून त्यांचा सारांश करायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवलं. त्या बुद्धिमत्तेनं एका खून प्रकरणातल्या आरोपीनं स्वतःवर गोळी झाडून घेतली, असं बीबीसीच्या नावावर सांगून टाकलं. बीबीसीनं असं काही म्हटलेलं नव्हतं आणि आरोपी तुरुंगात धडधाकट होता. बीबीसीनं तक्रार केली. जानेवारी २०२५मध्ये बातम्यांपुरती ही सोय बंद ठेवावी लागली. पारावर बसून दुसऱ्याच्या पेपरातल्या नुसत्या मथळ्यांवरून गावाला जग समजावून सांगणाऱ्या मंडळींनी हे काम वर्षानुवर्षं केलेलं आहे. पण त्यांना कुणी बुद्धिमान म्हणालं नाही.

मराठी ॲपांना मथळ्यासाठी यंत्राची गरज भासत नाही. तिथे माणसाची प्रतिभा पुरेशी आहे. जुन्या मथळ्याचं काम होतं बातमी सांगणं. ॲपमधल्या मथळ्याचं काम असतं बातमी न सांगणं. त्यासाठी दोन अवतरणचिन्हांत बसवलेला 'या' हा शब्द रात्रंदिवस राबतो. 'या' अभिनेत्रीनं अखेर सोडलं मौन. 'या' नेत्याच्या एका वाक्यानं उडाली खळबळ. 'या' पाच राशींचं नशीब उद्यापासून फळफळणार. अभिनेत्रीचं एक ठीक आहे, तिनं मौन सोडलं काय आणि धरलं काय. पण 'या जिल्ह्यांना रेड अलर्ट, पुढचे २४ तास धोक्याचे' हा मथळा वाचून रत्नागिरीतल्या माणसानं काय करावं? हवामान खात्यानं पिवळा, नारिंगी, लाल असे रंग ठरवले ते एका नजरेत कळावं म्हणून. ॲपमध्ये लाल रंग आपला की शेजाऱ्याचा, हे शोधायला आधी गुडघ्याचं तेल, मग जुनं फर्निचर, मग 'हेही वाचा', असं करत खाली उतरावं लागतं. तोवर पाऊस दारात आलेला असतो, आणि त्यानं मथळा दिलेला नसतो.

बातमी उघडल्यावरही ती लगेच सुरू होईलच असं नाही. पहिल्या परिच्छेदात मथळा पुन्हा सांगितला जातो. मग 'नेमकं काय घडलं?' असा उपमथळा येतो आणि त्याखाली पहिला परिच्छेद जरा लांबवून येतो. मग 'नेटकरी काय म्हणाले?' दोन नेटकरी हसलेले असतात, एक भडकलेला असतो. ही रचना उगाच झालेली नाही. गूगलवर लोक जे विचारतात ते शब्द बातमीत पुन्हा पुन्हा यावे लागतात. शिवाय वाचक जितका खाली सरकेल तितक्या जाहिराती त्याला दिसतात. म्हणून एका ओळीत संपणारी गोष्टही परिच्छेदामागून परिच्छेद चालत राहते. आषाढी एकादशी कधी आहे? जाणून घ्या तिथी, मुहूर्त, महत्त्व. एकादशी महत्त्वाची का, हे सांगून होतं. पंढरपूर कुठे आहे, हे सांगून होतं. तारीख सर्वांत शेवटी. ती वाचताना ज्या भिंतीला पाठ टेकलेली असते, तिच्यावर 'कालनिर्णय' टांगलेलं असतं. ते १९७३पासून हीच माहिती एका चौकोनात देत आलंय आणि वर रविवार लाल रंगात दाखवतंय.

ॲपला सर्वांत जास्त हौस असते ती 'तुमच्या शहराच्या बातम्या' देण्याची. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. त्यांतून आपला निवडायचा, किंवा तुम्ही कुठे आहात हे फोनला पाहू द्यायचं. फोनचं पाहणं कधी अचूक असतं, तर कधी नेटवर्कच्या वाटेवर जे मोठं शहर लागेल तेच फोन वाचकाचं गाव मानून मोकळा होतो. मग सावंतवाडीत बसलेल्या माणसाला मुंबईच्या मेगाब्लॉकची काळजीपूर्वक खबर मिळत राहते. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. त्यामुळे तिकडच्या घटना मराठवाड्याच्या खात्यात जमा होण्याचा धोका कायम होता. महाराष्ट्रातलं औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं, त्याची कारणं वेगळी होती. पण यंत्राचा एक गोंधळ तरी त्यामुळे आपोआप मिटायला हवा.

मेनूतल्या भूगोलाचा तर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. गोव्यातल्या लोकांनी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. एवढं मतदान होऊनही एखाद्या ॲपमध्ये 'महाराष्ट्र' दाबलं, की कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाच्या बरोबरीनं गोवा खाली येतोच. बेळगावचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ॲपचा मेनू बनवणाऱ्या मुलानं तो एका दुपारी निकाली काढलेला असतो, आणि त्यावर अपील नाही.

जग आणि जिल्हा या दोन कप्प्यांची खरी पंचाईत केली ती लिओ वराडकरांनी. जून २०१७मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आता डब्लिनमधली ही घडामोड 'जागतिक'मध्ये टाकायची, की 'सिंधुदुर्ग'मध्ये? मराठी माध्यमांनी अजिबात मागेपुढे पाहिलं नाही. वराडच्या सुपुत्राची बातमी दोन्हीकडे गेली. २०२४च्या मार्चमध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आयर्लंडच्या राजकारणाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा मालवणी माणसालाही आपल्या वाडीतलं कुणीतरी सरपंचपद सोडतंय असं वाटलं असणार. जागतिक बातमी मराठी वाचकाच्या घरात शिरते ती बहुधा अशाच मागच्या दारानं. मार्च २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला आणि फोनवर मिनिटामिनिटाची खबर येत राहिली. आपल्या आळीच्या तोंडाशी आडव्या लागलेल्या टेम्पोबद्दल ज्यानं आयुष्यात चौकशी केली नव्हती, तोही भरतीच्या वेळा पाठ म्हणू लागला. जहाजावरचे २५ खलाशी भारतीय आहेत हे कळल्यावर तर विचारायलाच नको. त्यांत आपल्याकडचा कुणी आहे का, हा पुढचा प्रश्न ओघानंच आला.

एवढं सगळं बोलून झाल्यावर पावसाळ्याविषयीही बोलायला हवं, कारण तिथे ॲपची थट्टा करणाऱ्याची बोलती बंद होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेल्या माणसाला हे दोन आकडे स्वतःच्या जन्मतारखेहून पक्के ठाऊक असतात. जुलै उजाडला, की 'पंचगंगा ३८ फुटांवर' ही एका ओळीची सूचना त्याच्यासाठी अग्रलेखाहून मोलाची ठरते. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला, कितवा मिटला, हे रात्री दोन वाजताही कळतं. गाड्या उंचावर नेऊन लावायच्या की अजून झोपायचं, हे त्यावरून ठरतं. इथे मथळ्यात 'या नदीनं ओलांडली पातळी' असं लिहिण्याची कुणाची छाती होत नाही. कोल्हापूरकर कार्यालयात येऊन विचारील.

पुण्यात हेच स्थान खडकवासला साखळीला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी धरतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तेवढं पाणी डोळ्यांपुढे आणणं कुणालाच जमत नाही, पण दर पावसाळ्यात टक्क्यांवर चर्चा करायला ते आड येत नाही. मुंबईकराला सात तलावांची नावं एका दमात सांगता येत नसली तरी एकूण साठा किती टक्क्यांवर आलाय, हे तो लोकलच्या दारात लोंबकळत सांगतो. आणि पुण्यात गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी सर्वांत आधी कोण वाचतं, तर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा मुलगा. इकडे सकाळ असते तेव्हा तिकडे आदली रात्र. त्याला वेळ असतो, झोप येत नसते आणि ॲपमध्ये शहर अजून पुणेच ठेवलेलं असतं. तो फोन करून कोथरूडमधल्या आईला बादल्या भरून ठेवायला सांगतो. आईनं त्या भरून ठेवलेल्याच असतात. तिला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलेलं असतं.

फुकट वाचू देणं वर्तमानपत्रांना परवडत नाही, हे खरंच आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं जानेवारी २०२२मध्ये 'वर्डल' हा शब्दखेळ विकत घेतला, तो लोकांनी कोडं सोडवायला यावं आणि जाता जाता वर्गणी भरावी म्हणूनच. आपल्याकडे घरातली आजी शब्दकोडं पेन्सिलनं सोडवून दुसऱ्या दिवशी उत्तरं पडताळायची. तिच्याकडून त्याचे वेगळे पैसे घ्यावेत हे कुणाला सुचलं नाही. वर्गणी मागायला हरकत नाही, मागायची रीत मात्र पाहण्यासारखी. 'होय, मला जागरूक नागरिक व्हायचंय' हे बटण ठसठशीत निळं, आणि 'नको, मी अज्ञानात सुखी आहे' हे फिकट राखाडी. लाजवून होकार घेण्याचा हा प्रकार केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर केलेल्या १३ 'डार्क पॅटर्न'च्या यादीत आहे. सतत टुमणं लावणंही त्याच यादीत आहे. ॲपमधल्या टुमण्यांविरुद्ध नियमावली निघाली. घरातल्या टुमण्यांचा विषय अर्थातच तिच्या कक्षेबाहेर.

ॲप उघडल्यावर ते मिटावं कधी, हा प्रश्न राहतोच. छापील अंकाला शेवटचं पान होतं. खेळाच्या बातम्या संपल्या, की माणूस उठून आंघोळीला जायचा. आझा रास्किन या संगणकतज्ज्ञानं २००६ साली न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. खंत संपली, पान अजून चालू आहे. त्यातून तळ लागल्यासारखं वाटलंच, तर वर जाऊन पडदा अंगठ्यानं खाली ओढायचा, की ताज्या बातम्या येतात. नवं काहीच घडलेलं नसलं तरी लोक कोरड्या हापशावर हापसत राहावं तसे तो ओढत राहतात. लंडनच्या 'द टाइम्स'नं २०१६ साली यावर मोठा धाडसी उपाय केला. क्षणाक्षणाची बातमी देणं सोडून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच अशा ठरलेल्या वेळीच ॲपमधल्या बातम्या बदलायच्या ठरवल्या. म्हणजे अंक काढायचा. हा शोध लागायला डिजिटल युगाला बराच प्रवास करावा लागला.

महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ मंडळींच्या हाती ॲप आलं ते मात्र हौसेनं नव्हे, तर नाइलाजानं. करोनाच्या साथीत २३ मार्च २०२०पासून मुंबईत पेपर घरी येणं थांबलं. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं छपाईला मुभा दिली, पण अंक घरोघर टाकायला मनाई केली. छापा, पण देऊ नका. नातवंडांनी आजोबांच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं आणि सूचना, विभाग, शहर, अक्षराचा आकार असं सगळं समजावून सांगितलं. आजोबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातलं 'ई-पेपर' एवढं एकच बटण लक्षात ठेवलं.

ई-पेपर म्हणजे छापील पानाचा फोटो. आठही रकाने जागच्या जागी, युद्ध वर, पाणीकपात कोपऱ्यात, नाव बदलल्याची सूचना पूर्वीइतकीच अदृश्य. सहा इंची पडद्यावर अख्खं पान एकदम दिसतं, पण एक अक्षर वाचता येत नाही. दोन बोटांनी मोठं करावं, तर अक्षर वाचता येतं, पण आपण कुठल्या बातमीत आहोत ते कळत नाही. आजोबा अग्रलेखाच्या दुसऱ्या रकान्यातून घसरून थेट दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत उतरतात आणि वाक्य तिथे पुरं करून घेतात. त्यांची तक्रार नाही. ॲप बनवणाऱ्यांनी इतक्या खटपटीनं मोडून काढलेलं पान त्यांनी ॲपमधूनच परत मिळवलेलं असतं.

टाळेबंदी उठली, पेपरवाला पुन्हा येऊ लागला, तरी सवय सुटलेली नाही. ई-पेपर पहाटेच येऊन पडतो; आजोबा अंथरुणातच तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळून घेतात. साडेसहाला दाराशी छापील अंक पडला, की उठून चष्मा पुसतात आणि तोच अंक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतात. सकाळी वाचलेलंच आहे मग परत काय, असं सुनेनं विचारलं तर म्हणतात, ''तपासतोय. फोनवर काय, काहीही येतं.''